घर काय फिरतं व्हय?

४ फेब्रु., बुध.
आज सकाळी माझं घर पृथ्वीवरून नाहीसं झालं. भिंती जागेवर आहेत, आम्हा हौशी रेडिओवाल्यांच्या नकाशावरून गेलं. माझा रेडिओ दर अर्ध्या मिनिटाला इमानेइतबारे ‘मी कुंडलात, मी कुंडलात’ सांगतोय, आणि ते ऐकून पुढं पोचवणारा डोंगरावरचा रिले बहिरा. रिलेचे निर्माते, मालक व दैवत : आटपाडीचे बापू, निवृत्त सुभेदार, सिग्नल्सवाले. त्यांनी रिलेच्या यादीतून माझं नाव गाळलं. असं एकेक घर उठवतात, कुठं बातमीही येत नाही.

संध्याकाळी बापू रेडिओवर, सगळ्यांदेखत :
“मास्तर, घर काय फिरतं व्हय? अर्ध्या मिन्टाला पत्ता कशाला सांगताय? म्हसवडच्या गड्यांना बोलायला जागा न्हाई ऱ्हात!”
तीन तालुके हसले.

६ फेब्रु., शुक्र.
अप्पांच्या स्कूटरच्या डिकीत मी ठेवलेली रेडिओची डबी. वडील हल्ली वाट विसरतात, स्कूटर विसरत नाहीत. किल्ली लपवली की त्यांना सापडते, आम्हालाच सापडत नाही. डबी असेल तिथून जागा सांगते, रिले ते पुढं पोचवतो, मी पडद्यावर बघतो. बापूंनी घर गाळलं, डबी नाही गाळली. मेहेरबानी!

नको ती. डबीच्या सेटिंगमधून रिलेच काढून टाकला. आता ती थेट माझ्याशीच बोलेल.

बायको, सुनंदा : “आणि अप्पा लांब गेले तर?”
“चावडीपलीकडं जात नाहीत.”
“आवं, एक फोन करा की बापूंना. घर जरा कमी बोलंल म्हणा.”
मेलो तरी नाही.

९ फेब्रु., सोम.
बापूंचं प्रवचन. विषय शिस्त. ‘आधी ऐका, मग बोला.’ जन्मभर साहेबांचं ऐकलं, आता सूड आमच्यावर. ‘ओव्हर’ म्हणतात आणि पुढं बोलतच राहतात.

१४ फेब्रु., शनि.
दुपारी स्कूटर नाही. अप्पा नाहीत. मोबाइल कॉटवर.

पडद्यावर शेवटची खूण वेशीबाहेर. पुढं कोरं. माझी एरियल पोचते तिथवर अप्पा, त्यापुढं माझा मान.

सुनंदानं माझा छोटा रेडिओ, हॅंडसेट, आणून हातात ठेवला.

हॅंडसेट घेऊन विट्याच्या रस्त्याला लागलो. दिसेल त्याला विचारत. म्हातारे गृहस्थ, निळी स्कूटर. कॅनॉलकडं बघवेना. तेवढ्यात हॅंडसेट :
“मास्तर, बापू बोलतोय. तुमची डबी खानापूरच्या पुढं माळावर थांबलीया. रिलेचं नाव घेत न्हाई म्हणून पुढं जात न्हाई. पर डोंगराला ऐकू येतंय सगळं. मी निघालोय. ओव्हर.”
आणि खरंच थांबले.
मी ‘रॉजर’ म्हणालो. गाडी खानापूरकडं दामटली.

पोचलो तर बांधावर दोघं, मध्ये बापूंचा रुमाल पसरलेला, त्यावर भाजलेल्या शेंगा. अप्पा सिद्धनाथाला निघाले होते, म्हसवडला. पेट्रोल संपलं म्हणून थांबले, नाहीतर...

अप्पा मला म्हणाले, “हे सुभेदार. लय भला माणूस. तुमची वळख हाय का?”
बापू शेंग फोडत, “न्हाई बा. ह्यांचं घर फिरतं असतं.”
हा माणूस माळावरसुद्धा सोडत नाही. आभार मानणार होतो, गिळले.

१५ फेब्रु., रवि.
अप्पांना कालचं काही आठवत नाही. किल्ली मागतात. त्यांच्या खिशात बापूंचा रुमाल निघाला, टरफलांसकट.

डबीत रिले परत घातला. घराचं बोलणं अर्ध्या तासावर आणलं. कुणी सांगितलं म्हणून नाही.

१८ फेब्रु., बुध.
घरी ‘कॉलेजात मीटिंग’ सांगून डोंगर चढलो. सोलर पॅनलवर कावळ्यांनी मनसोक्त घाण केलेली. शिस्तवाल्यांचा रिले! पुसलं. बॅटरीचं पाणी पार खाली गेलेलं. बाटली नेली होती, भरलं. चिठ्ठी वगैरे नाही. रुमाल धुऊन, इस्त्री करून नेला होता, त्यात आमच्या रानातल्या शेंगा. खांबाला बांधला, वाऱ्यानं सुटणार नाही असा.

घरी आलो. पडदा लावला. स्कूटर दारात, नकाशावरही दारात.
घर अजून नाही.
विचारणार नाही.