मागचं चाक

प्रिय राडिम,

फोन आपल्या हॉलमध्ये, आणि बाबांच्या डोळ्यांचं काहीही झालं असलं तरी कान अजून खणखणीत आहेत. म्हणून हे पत्र. तुझ्याच खोलीत, दार लावून, तुझ्याच पलंगावर बसून लिहिते आहे. मधे कुठे आईचा राग आला तरी शेवटपर्यंत वाच.

जूनमध्ये बाबांचा हात प्लास्टरमध्ये होता, तो तुला सांगितलं तसा चेरीच्या झाडाखाली शिडीवरून पडून नव्हे. बागेकडून येताना वळणावर त्यांना पोस्टातल्या ब्लांकाची सायकल दिसलीच नाही. तिला नुसतं खरचटलं, बाबा मात्र जावा मोटरसायकलसकट चरात. काचबिंदूमुळे त्यांना समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. डॉक्टरीणबाईंनी गाडी कायमची बंद सांगितली, तर घरी येऊन मला म्हणाले, “वाचन कमी करायला सांगितलंय.” प्लास्टर निघाल्यावर पहिल्याच रविवारी हेल्मेट घेऊन दारात उभे. मी भांडले, रडले, किल्ली पिठाच्या डब्यात लपवली. दुसरी किल्ली त्यांच्या खिशातच होती. ते परत येईपर्यंत मी खिडकीत उभी राहायचे, आणि डोळ्यांसमोर दर वेळी ब्लांकाच्या जागी एखादं लहान पोर दिसायचं.

सप्टेंबरात ते आठवडाभर गरम पाण्याच्या झऱ्यांवर उपचाराला गेले, तेव्हा मी तळघरात उतरले. तुला आठवतं ना आपलं ते फळ्यांचं खुराडं? एका बाजूला बटाटे, एका बाजूला बाटल्या, मधे गाडी, आणि माणसाने उभं राहायचं ते एका पायावर. तू दहा वर्षांचा होतास तेव्हा बाबांनी तुला मागचं चाक काढायला शिकवलं. “दहा मिनिटं! वर चहा उकळेपर्यंत चाक हातात!” मी बटाट्यांच्या पोत्यावर बसून बॅटरी धरायचे. चाळीस वर्षं मी त्या गाडीला उजेड दाखवला, पाना मात्र कोणी माझ्या हातात दिला नाही.

मला दहा मिनिटं नाही, तीन तास लागले. गाडी मोठ्या स्टँडवर घेताना पाठीतून कळ गेली. नट हलेना, तेव्हा पान्यात पडद्याचा पाइप घालून त्यावर चक्क बसले. ब्रेकची सळई सोडली. मग एक्सल ओढायला जागाच नाही, वीतभरावर फळ्या. शेवटी दोन फळ्यांच्या फटीसमोर येईल अशी गाडी सरकवली आणि दुसऱ्या बाजूने एक्सल लाटण्याने ठोकली. एक्सल निघाली ती थेट शेजारच्या कुबेल्कोवाबाईंच्या काकडीच्या बरणीत. चाक तरीही सुटेना, म्हणून चेनच्या बाजूचा तो मोठा नटही सोडला. बाबांना कधीतरी तिथे पाना लावताना पाहिलं होतं. मग कळलं, चाक नुसतं तिरकं करून ओढायचं होतं. चादरीत गुंडाळून लिफ्टने वर आणलं, तर कुबेल्कोवाबाई लिफ्टमध्येच, हातात फुटकी बरणी आणि ती एक्सल. चादरीकडे बघत म्हणाल्या, “द्राहो, गाडीचं बाळंतपण केलंस की काय?” मी त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “मी काही पाहिलं नाही. काकड्या मात्र भरून दे.”

चाक एक्सलसकट तुझ्या पलंगाखाली ढकललं. त्या रात्री मला फार लाज वाटली. ज्या गाडीवर मागे बसून मी लग्नाआधी या माणसाबरोबर अर्धा मोराविया फिरले, तिचं चाक मी त्याच्या पाठीमागे चोरलं होतं.

बाबा परतले, बॅग टाकून तळघरात गेले. तासाभराने वर आले, हात घासून धुतले आणि लसणाच्या सूपसमोर बसले. “मागचं चाक चोरीला गेलं,” म्हणाले. पोलिसांत जायचं का, असं मी सूपकडेच बघत विचारलं. ते म्हणाले, “एका चाकासाठी कोण धावतंय. मीठ दे.” तुलाही फोनवर त्यांनी तेच सांगितलं. मला वाटलं, सुटले. तेव्हापासून आम्ही रविवारी एकवीस नंबरच्या बसने बागेत जातो. ते खिडकीशी बसतात आणि ड्रायव्हरने गिअर चुकीचा टाकला की मला कोपर मारतात.

परवा डिसेंबरातल्या निकोलासच्या सणाआधीची झाडझूड करताना तुझ्या पलंगाखाली वाकले. चादरीला गाठ माझी नव्हती. मी साधी मारते, ही त्यांची दुहेरी होती. उघडून पाहिलं, तर रिम लखलखीत पुसलेली, एकेक तार साफ, आणि एक्सल ग्रीस लावून वर्तमानपत्रात गुंडाळलेली. वर्तमानपत्र सप्टेंबरातलं, ते परतले त्याच आठवड्याचं. तशीच तळघरात गेले. मी सोडलेला मोठा नट जागेवर घट्ट बसवलेला होता. तेव्हा डोक्यात उजेड पडला. जावाचं चाक काढताना चेन आणि दातेरी चकती जागेवरच राहते, तो नट सोडावाच लागत नाही. आपल्याकडे हे कोणत्याही चोराला ठाऊक असतं. ठाऊक नसणारी या इमारतीत मी एकटीच. म्हणजे पहिल्या दिवशी, तिथे उभ्या-उभ्याच त्यांना कळलं होतं. मी बटाट्यांच्या पोत्यावर बसून पोटभर रडले. अडीच महिने चाक भिंतीपलीकडे, आणि बसवायला दहा मिनिटं. त्यांनी ते पुसलं आणि परत ठेवून दिलं.

आणि आज तुझा निरोप आला, की बाबांच्या पंचाहत्तरीला तू लिंझहून तसंच चाक शोधून आणतो आहेस, त्यांना सांगू नकोस. तुझं मन मला कळतं, राजा. पण ते चाक आणू नकोस. तू इतक्या लांबून प्रेमाने आणलेलं चाक बसवावं लागेल, आणि बसवलं की चालवावंही लागेल. नाही म्हणायला त्यांच्याजवळ मग कारण उरणार नाही. “आता मला जमत नाही” हे ते मला नाही सांगू शकत, तुला तर नाहीच. चोरी झाली, हे सांगू शकतात. तेवढं त्यांच्याजवळ राहू दे. तू रिकाम्या हातांनी ये, रविवारी आमच्याबरोबर एकवीस नंबरच्या बसमध्ये बस, आणि चाकाचा विषय निघालाच तर त्या चोराला माझ्यादेखत चार शिव्या घाल. बाबांना हसू लपवायला फार आवडेल.

तुझीच,
ती चोर आई