झ्यूसच्या पुजाऱ्याचे धुतलेले पाय

गामिलिओस महिना, दिवस ३

पाय धुतले गेले! दोन्ही! फिलिस्ताची शेळी ओढ्यात अडकली, मी धावलो, घोट्याच्या वर पाणी. बाहेर आलो तर खाली हे गोरे तळवे — कुणाचे म्हणून मीच दचकलो. लहानपणी बाबांनी मला ह्या ओकच्या झाडाखाली आणून निजवलं, तेव्हापासून पाण्याशी गाठ नव्हती ह्या पायांची. दोदोनाच्या पुजाऱ्याने उघड्या जमिनीवर झोपायचं आणि पाय धुवायचे नाहीत. देवाचं बोलणं मातीतून तळव्यांना कळतं म्हणतात. (म्हणतात! लिहून गेलो खरं.)

लगेच चिखल फासला. फिलिस्ता शेळी सोडून माझ्याकडेच बघत होती. "अगंबाई, पुजारीबुवांना बोटं आहेत की!"

गामिलिओस ४

आन्तिनू काकांना कळलं. ताजा चिखल लपत नाही म्हणे. बाबा गेल्यावर ह्यांनीच मला वाढवलं. ओरडले असते तर परवडलं असतं — रडले! "आपल्या घराण्यात कुणाचं नखसुद्धा भिजलं नाही रे, मेनेदामा." ठरलं — देव ज्याच्या पानांतून बोलतो त्या झाडालाच विचारायचं, मला ठेवायचं की घालवायचं. तोवर मी झाडाभोवतीच्या काशाच्या कढयांच्या रिंगणाबाहेर.

गामिलिओस ५

वारा नाही. पान हलत नाही.

गामिलिओस ७

अजून वारा नाही, म्हणजे देव गप्प. यात्रेकरू कंटाळलेत. अम्ब्राकियाचा एक गडी आलाय, शेजाऱ्याने डुक्कर पळवलं का, एवढंच विचारायला. माझ्यावर खेकसला, "तुम्ही पाय धुता आणि आमचं डुक्कर अडकतं!" शेजारी एव्हाना खाऊन ढेकर देत असेल.

फिलिस्ता शेळीचं चीज घेऊन आली. नवरा गेल्यापासून एकटीच सगळं बघते. म्हणाली, "घालवलंच तर माझ्याकडे ये. घर आहे, शेळ्या आहेत, खाट आहे. पण ते पाय घेऊन खाटेवर चढायचं नाही, आधीच सांगते!" थट्टा म्हणावी तर डोळे थट्टेचे नव्हते. मी जन्मात खाटेवर झोपलेलो नाही. दिवसभर डोळ्यांपुढे खाटच.

गामिलिओस ८

वारा! कढया घणघणल्या, झाड सळसळलं. फैनारेते आजी खोडापाशी बसली. तिला माणसांचं ऐकू येत नाही, झाडाचं येतं. बऱ्याच वेळाने म्हणाली, "राहू दे म्हणतोय देव. मुक्या जिवासाठी गेला ना पाण्यात." काकांनी मला घट्ट धरलं, स्वतःच्या हाताने माझ्या पायांना माती लावली. डुकराचाही निकाल लागला — चोरीला गेलं नाही, आपणहून पळालं!

सगळे हसले, मीही हसलो, पण वरवर. मला घालवतील, मग माझा काय दोष, असं मनाशी धरून बसलो होतो मी! देवाच्या खांद्यावर ओझं टाकून मोकळं व्हायचं होतं. देव कुठला ऐकतोय. आणि काकांचं तोंड बघवत नव्हतं, इतके खूश होते.

गामिलिओस ९

काकांना सांगितलं — ओढ्यावर जातोय, पाय धुवायला, मग फिलिस्ताकडे. रागावले नाहीत. माझ्या पायांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "पहिल्यांदा भेगांत झोंबतं. मग बरं वाटतं."

त्यांना कसं ठाऊक, ते मी विचारलं नाही.