डाव्या हाताची सुरी

मी, निवृत्ती कडूबा उमाळे, वय वर्षे बावन्न, पूर्वीचा धंदा जहाजाच्या भटारखान्यात स्वयंपाकी, हल्लीचा धंदा खाटेवर पडून राहणे, मुक्काम धामणगाव बढे, तालुका मलकापूर, जिल्हा बुलढाणा, आज पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र करतो. माझी छाती बिघडली आहे, डोके शाबूत आहे. हे डॉक्टरांनी पाहिले आहे आणि माझा थोरला भाऊ रामराव यालाही ठाऊक आहे. म्हणूनच तो माझे डोके जाण्याची वाट पाहत आहे. लिहून घेणारे शेषराव तायडे गुरुजी म्हणाले की हे वाक्य गाळू. गाळू नये.

१. वडिलोपार्जित शेतातील माझा हिस्सा रामरावाला. मी जहाजावर होतो तेव्हापासून तोच कसतो आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

२. माझ्या वाटणीच्या दोन खोल्या व पुढची पडवी माझी एकुलती मुलगी कोकिळा हिला. तिचा नवरा वारला, मूलबाळ नाही, आणि माहेरी आल्यापासून ती रामरावाच्या चुलीपाशी राबते आहे. खोल्यांना कुलूप लावून तिने वाटेल तिथे जावे व वाटेल तितके दिवस राहावे. खोल्या रिकाम्या दिसतात म्हणून कोणी त्यांत कापूस भरू नये. पोस्टातली शिल्लकही तिचीच.

३. सुऱ्या. याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण आमच्या घरात माझ्या सुऱ्यांची जेवढी चेष्टा झाली तेवढी माझीही झाली नसेल. इथे बाया विळीवर बसून चिरतात. जपानहून सुऱ्या आणणारा माणूस त्यांना खुळाच वाटणार.

जपानात ओसाकाजवळ साकाई गावी हाताने सुऱ्या घडवणारे लोहार आहेत. आमचे जहाज दुरुस्तीला लागले तेव्हा मी एकाच्या दुकानात रोज जाऊन बसायचो. मऊ लोखंडावर पोलादाची पट्टी ठोकून तो दोन्ही एकजीव करी आणि धार एकाच अंगाला देई. दुसरे अंग सपाट, मधे किंचित खोलगट. अशी सुरी कांद्यात शिरली की फोड आपोआप बाजूला पडते. पण ती उजव्या हाताची असते. डाव्या हाताने धरली तर तिरकी पळते. माझी कोकिळा लहानपणापासून डावखुरी, आणि त्यापायी आजीच्या चापट्या खाणारी. मी त्या लोहाराला खुणेने सांगितले की पोरगी या हाताने चिरते. तो खूप हसला, आणि त्याने भाजीची एक सुरी उलट्या अंगाने घडवून दिली. मी मासळीची एक आणि लांब पात्याची एक अशा आणखी दोन घेतल्या. मुंबईत स्वतःची खानावळ काढायची आणि कोकिळेला तिथे न्यायचे, असा माझा विचार होता.

विकत घेतलेली सुरी तयार नसते. लोहार देतो ती कच्ची धार. दगड पाण्यात भिजवायचा, धारेचे अंग त्यावर बेताने फिरवायचे, पलीकडच्या अंगाला पोलादाची बारीक कणी उमटली की सपाट बाजू एकदाच हलक्या हाताने टेकवून ती काढायची. दगडाला खळगा पडला की आधी दगड सपाट करायचा. काम झाले की पाते कोरडे पुसून तिळाच्या तेलाचा हात द्यायचा. मी हे सारे कोकिळेला शिकवले. ज्या खानावळीला दार नाही तिच्यासाठी आम्ही बापलेक इतकी वर्षे सुऱ्यांना धार लावत बसलो.

डाव्या हाताची सुरी व सगळे दगड कोकिळेला. त्या सुरीवर दुसऱ्या कोणाचा हक्क लागत नाही, आणि दुसऱ्या कोणाला तिचा उपयोगही नाही.

लांब सुरी रामरावाला. मी नांदुऱ्याला गेलो असताना त्याने दसऱ्याच्या हत्यारांत ती मांडली, ओले हळद-कुंकू लावले, आणि देवाचे म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत पुसू दिली नाही. सकाळी पाते गंजाने खाल्लेले होते. तो गंज काढायला त्याने ती आपल्या लोहाराकडे दिली, आणि त्या भल्या माणसाने ती दोन्ही बाजूंनी घासून दिली. पूजा करणाऱ्याच्या मनात पाप नव्हते, हे मी मान्य करतो. पण सुरी आता भोपळाही सरळ कापत नाही. ज्याने पुजली त्याने सांभाळावी.

४. मासळीची सुरी नांदुऱ्याचे मेहबूब धारवाले यांना. मी पहिल्यांदा ती त्यांच्याकडे नेली तेव्हा चाक थांबवून ते म्हणाले होते, "निवृत्तीभाऊ, इले माह्या चाकावर नोका चढवू. गरम होईन अन् तिचं पाणी उतरीन." पाणी म्हणजे पोलादाचा कडकपणा. आलेले गिऱ्हाईक परत पाठवणारा हा एकच कारागीर मला भेटला. आमची दोस्ती तिथून. बाजाराच्या दिवशी मी त्यांच्याकडे जाई, मुंबईची गाडी येऊन सुटेपर्यंत फलाटावर बसे आणि शेवटच्या मोटारीने परत येई. रामराव विचारी, शपथ तर मोडली नाही ना? मी म्हणे, नांदुऱ्याच्या फलाटाला समुद्र लागत नाही.

५. आता शपथ. सन १९५७ मध्ये तार आली म्हणून मी जहाजावरून रजा घेऊन आलो. आई मनकर्णाबाई शेवटच्या घटकेला होती. रामराव तिच्या उशाशी बसून कानात काही सांगत होता. आईने डोळे उघडले आणि म्हणाली, "माह्या डोक्यावर हात ठेव निवृत्ती. आता पाण्यावर जाणार नाही म्हण." मी हात ठेवला आणि म्हटले. संध्याकाळी ती गेली. ते शब्द तिच्या तोंडचे होते, पण मनातले होते की नाही, हे मला आजवर कळलेले नाही. मेलेल्या आईची शपथ मोडायची कशी? विचारायचे कोणाला? मी याच अंगणात अडकून राहिलो. सकाळी उठून तीच विहीर आणि तोच गोठा पाहताना कित्येकदा जीव गुदमरला, हे इथे स्पष्ट लिहितो.

अमरावतीच्या मुलींच्या एका वसतिगृहाने कोकिळेला स्वयंपाकघर सांभाळायला बोलावले आहे. राहायला खोली आहे. हे कळल्यापासून रामराव रोज माझ्या उशाशी बसतो. तो म्हणतो, "पोरीले डोक्यावर हात ठेवायले लाव. घर सोडणार नाही म्हणून वदवून घे. मंग तिचं सारं मी पाह्यतो." मी नाही म्हणतो. पण ताप चढला की मी काय बोलतो ते मला नंतर आठवत नाही.

काल कोकिळा सुरी पुसता पुसता म्हणाली, "बाबा, तुमी म्हणलं तर मी घेईन शपथ. मंग मले मोडता येणार नाही. म्हणून तुमी म्हणू नका."

सबब मी जाहीर करतो की आजनंतर माझ्या तोंडून कोकिळेला थांबवणारा कोणताही शब्द निघाला, तिचा हात माझ्या डोक्यावर कोणी ठेवला किंवा ठेवलेला पाहिला असे सांगितले, तर ते सारे रद्द समजावे. तो मी नसेन. मी हा आहे, या कागदावरचा.

६. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम शेषराव गुरुजींनी करावे. त्यातील एक गोष्ट माझ्या मरणापर्यंत ठेवायची नाही. उद्या सकाळच्या मोटारीने गुरुजींनी कोकिळेला नांदुऱ्यास नेऊन अमरावतीच्या गाडीत बसवावे. मी गेल्याची तार आली तरी तिने तेराव्यानंतरच यावे. शेवटचे पाणी मेहबूबभाईंनी पाजावे. ते येतो म्हणाले आहेत.

निघताना तिने माझ्या खाटेपाशी येऊ नये. मला ती फार आवडते. जवळ आली तर मी थांब म्हणेन.

स्थळ : धामणगाव बढे
दिनांक : २ डिसेंबर १९६८

(सही) निवृत्ती कडूबा उमाळे

मजकूर वाचून दाखवल्यावर मृत्युपत्रकर्त्याने आम्हा दोघांच्या समक्ष सही केली व आम्ही त्यांच्या समक्ष केली.

साक्षीदार :
१. शेषराव तायडे, शिक्षक
२. नारायणराव किनगे, शेतकरी

मेहबूबभाई हजर होते. त्यांना वस्तू मिळत असल्याने त्यांची साक्ष घेतलेली नाही.