गेशा आणि जायफळ

१८ नोव्हें.
माधवकडे गेलो. हृदयाचं दुखणं घेऊन पडलाय, जीभ मात्र ठणठणीत. पनामाहून कॉफीची पुडी मागवलीय. गेशा. लगेच प्रवचन: उंच, थंड डोंगर लागतो, झाड नखरेल, फळं सावकाश पिकणार, तीही मोजकी. म्हटलं, असं एक झाड आमच्या घराण्यात होतं, त्याला आम्ही काका म्हणायचो.
बिया हुंगायला दिल्या. खोटं कशाला लिहू, वास जाईच्या फुलांचाच. बंगळुरात एकदा घोटभर मिळाली होती म्हणे, तेव्हापासून वेडा. "बिनदुधाची. आणि निवू द्यायची, मग खुलते."
नलूवहिनींनी पुडी उचलली, कपाटात, वर कुलूप. डॉक्टरांनी कॉफी बंद केलीय. बरे व्हा, मग प्या, म्हणाल्या.

२४ नोव्हें.
सातपूरच्या आपल्या दुकानात माधवने गिऱ्हाइकांना काळी कॉफी पाजून पाजून छळलं. घरी मात्र तीस वर्षं वहिनींची दुधाची, जायफळ घातलेली, मुकाट. आज विचारलं, बायकोला का नाही बोललास कधी?
"जायफळ किसताना ती गुणगुणते रे. कशाला."
निघताना म्हणाला, कुलूप उघडायला सांग की. सांगितलं. वहिनी नाही म्हणाल्या. बरोबरच होतं त्यांचं.

१ डिसें.
माधव गेला. पहाटे.
लिहायला बसलो आणि

१० डिसें.
दहावा. गोदाकाठ. कावळे ढीगभर, पिंडाला एकही शिवेना. मुलगा म्हणाला, आईला सांभाळीन. मेहुणा म्हणाला, दुकान चालू ठेवू. कावळे प्रचारसभेला आणून बसवल्यासारखे ढिम्म. गुरुजींनी विचारलं, काही इच्छा राहिली होती का?
वहिनींनी पिशवीतून थर्मास काढला. सकाळीच उठून गेशा केली होती. द्रोणात ओतली. दुधाची. वर जायफळ.
मी तोंड उघडलं. मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा.
एक कावळा उतरला, द्रोणाकडे मान वाकडी करून बघितलं, उडाला. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.
रिक्षात वहिनी म्हणाल्या, "मी कुलूप लावलं ना. तेच राहिलं त्यांच्या मनात."
म्हटलं, तसं काही नाही, कॉफी गरम होती. त्याला निवलेली लागायची.
तेवढंच सुचलं.

३० डिसें.
उद्या मासिक श्राद्ध. वहिनी पुडी घेऊन माझ्या घरी आल्या. तळाशी मूठभर बिया उरल्यात. पुन्हा करायचीय, ह्या वेळी चुकायचं नाही म्हणतात. आज माझ्यासमोर करून बघणार. "तुम्ही दुकानात प्यायचात त्यांच्याबरोबर. त्यांच्या हातची कशी असायची, तेवढं शिकवा."
खरं सांगितलं तर तीस वर्षांची जायफळं पाण्यात. नाही सांगितलं तर माधवची ही शेवटची मूठही दुधात. वर्तमानपत्रात दुसऱ्यांची उणीदुणी काढून पोट भरणाऱ्या माणसाला हे एक वाक्य जमू नये.
पुडी उघडली. घरभर जाई. आधण आलंय. वहिनी ओट्याशी, पदर खोचून, हातात दुधाचं पातेलं. मी इथे लिहिण्याचं नाटक करतोय.
"किती घालू, भाऊजी?"