परत केलेलं वाण

१२ जानेवारी, रविवार

सातवा लागला आणि पोटावर जांभळट रेघा उमटल्या. आठ! सासूबाईंनी पाहिल्या आणि "अगं बाई!" म्हणाल्या, अंगावर पाल पडावी तशा. "नखं लावलीस ना? खाजवू नको सांगितलं होतं!"

नाही खाजवलं! कातडी ताणते, त्यात माझा काय गुन्हा? नवऱ्याला, मुकुलला दाखवलं तर म्हणे, "बेतवा नदीचा नकाशा आहे." हसले. मग न्हाणीघरात जाऊन रडले.

१५ जानेवारी

शिल्पाकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. माझी नणंद, झाशीच्या सीपरी बाजारात घरीच पार्लर चालवते. वाण म्हणून इवल्या स्टीलच्या डब्या, आत पांढरी क्रीम. "माझा खास फॉर्म्युला! डाग, सुरकुत्या, पोटावरच्या रेघा, सगळं साफ!" मला दोन दिल्या. "वहिनी, तुला डबल!"

"काय आहे गं यात?"

"वाण आहे, विष नाही!"

सगळ्या हसल्या. मीही हसले, मूर्खासारखी.

१६ जानेवारी

लावली नाही. औषधाचा वास येतो. शिल्पाला फोन केला. तीन ट्यूबा मिसळते म्हणाली. "सब लगाते हैं वहिनी, पार्लरमध्ये रोज लावते मी!" ट्यूबांचे फोटो मागितले. तासाभराने आले, खाली एक शब्द नाही. चिडलीय.

१८ जानेवारी

डॉक्टरीणबाईंनी फोटो पाहिले आणि चष्माच काढला. एकीत ट्रेटिनॉइन, दुसरीत हायड्रोक्विनोन, तिसरीत स्टेरॉइड. "पेट में बच्चा है, फिर दूध पिलाओगी. ये बिलकुल नहीं, बच्चे को नुकसान हो सकता है."

मग काय लावू?

"नारियल का तेल, नहीं तो सादी, बिना खुशबू की क्रीम. खुजली कम होगी. लकीरें मिटेंगी नहीं, धीरे-धीरे फीकी पड़ेंगी. और छाती पर कुछ लगाओ तो दूध पिलाने से पहले पोंछ लेना."

दोनदा विचारलं. दोन्ही वेळा हेच.

घरी येऊन सांगितलं. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, म्हणाल्या, "नको लावूस. पण सवाष्णीचं वाण परत करतात का? कपाटात ठेव."

कपाटात! अशा पंधरा डब्या गेल्यात पंधरा घरी. त्या दिवशी आलेल्या कमळाबाईंची सून तर चार महिन्यांच्या लेकराला पाजते. मुकुल म्हणतो, "जाऊ दे ना, शिल्पाची बदनामी होईल. झाशीत मराठी घरं आहेत किती! उद्या तोंड कसं दाखवायचं?"

"आणि त्या लेकराचं काय?"

टीव्ही लावून बसला. बसू दे.

२१ जानेवारी

बँकेतून रजा घेतली आणि पंधराही घरी फोन केले. कमळाबाई कडाडल्या, "नणंदेची अब्रू तूच वेशीवर टांग!" तेवढ्यात सुनेने फोन घेतला. हळूच म्हणाली, "ताई, चार दिवस लावली मी. आता नाही लावणार."

बस! बाकीच्या हव्या तेवढ्या शिव्या देऊ देत.

२४ जानेवारी

आज आमच्याकडे हळदीकुंकू. आई कानाशी आल्या, "पदर नीट घे, पोट दिसतंय." नाही घेतला! कमळाबाईंची नजर तिथेच खिळलेली. म्हटलं, "बघा हो नीट, दहा झाल्या. खोबरेल लावते, खाज थांबते. रेघा राहतील, राहू देत! मला लेकरू हवंय, आरसा नकोय."

मग दोन्ही डब्या सर्वांसमोर शिल्पाच्या हातात ठेवल्या. "ही क्रीम कुणाला देऊ नकोस गं. हात जोडते."

पांढरीफटक पडली. "तुला माझं बरं बघवतच नाही!" आणि कुंकू न लावताच निघून गेली. आई स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. "माहेरवाशीण रिकाम्या कपाळाने गेली गं घरातून!"

वाईट वाटलं. इथे खोटं कशाला लिहू? चारचौघींत द्यायला नको होत्या. पण दिल्या याचा पश्चात्ताप नाही. एकटीला दिल्या असत्या तर उद्या पुन्हा वाटल्या असत्या तिने.

२७ जानेवारी

आईंचा अबोला चौथ्या दिवसात. खोबरेल मात्र रोज कोमट करून न्हाणीघराबाहेर ठेवलेलं असतं. थंडीत ते गोठतं ना! घेते आणि चोळते. बाळ आतून लाथा मारतं.

३० जानेवारी

शिल्पा फोन उचलत नाही. नको उचलू! मीही तुझीच वहिनी आहे.

२ फेब्रुवारी

दुपारी शिल्पा आली. दारातच उभी राहिली, आत येईना. "वहिनी, मला दिवस गेलेत. सहा वर्षांनी! दोन महिने होऊन गेले, मला कळलंच नाही." आणि रडायला लागली. "मी ती क्रीम रोज लावते तोंडाला. तुझ्यावरच्या रागाने तर दोन-दोनदा."

तिला घट्ट धरलं. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "आज से बंद. घबराओ मत, सुबह ले आओ."

देवा, पंधरा घरी ओरडून सांगितलं की माझंच खरं आहे. तिच्या बाळासाठी एवढं एकदा मला खोटी पाड.