दुसरी पेटी

मिठबाव,
ता. ८ एप्रिल २००६

प्रिय रसिका,

परवा फोनवर तू आईला म्हणालीस, ‘औंदा आंब्याची पेटी येवक नाय, म्हणजे भाईंचो नकारच आसा.’ तू फोनवर इतक्या जोरात बोलतेस की मला पडवीत सगळं ऐकू येतं. बागेतली पहिली पेटी देवाला आणि दुसरी तुला, हे इतकी वर्षं ठरलेलं. दापोलीला कॉलेजात होतीस तेव्हाही आणि नाशकात द्राक्षांच्या पॅकिंगची नोकरी धरलीस तेव्हाही. तेव्हा तुझं रागावणं मला पटतं. पण मुलीच्या लग्नाचं उत्तर फोनवर द्यायला माझी जीभ उचलत नाही, म्हणून कागद घेऊन बसलो.

तुझा निकेत येऊन गेला त्याची हकिगत आईने तुला अर्धीच सांगितली असणार, कारण उरलेली अर्धी तिच्या अंगाशी येते. तो यायच्या आधी त्याच्या मळ्यातली द्राक्षं तू पाठवलीस. लांबट, हिरवी, वर पांढुरकी भुकटी. आपल्याकडे द्राक्षं म्हणजे आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायचं फळ, त्यातलं आम्हाला काय कळतंय! तुझ्या आईने ती भुकटी औषध समजून फडक्याने पुसून काढली. मग रंग बघून म्हणाली, ‘हीं कच्चीच आसत,’ आणि सगळे घड नेऊन आंब्यांच्या आढीत, गवताखाली पिकत घातले. मीही वर दोन मुठी गवत पसरलं.

निकेत आला तेव्हा तिने मोठ्या कौतुकाने ती काढून त्याच्यापुढे ठेवली. देठ काळे पडलेले, मणी सुकून सुरकुतलेले. मी त्याच्या तोंडाकडेच बघत होतो. हसला असता तर माझ्या मनातून उतरला असता, आणि छान पिकली म्हणाला असता तर त्याहून जास्त. त्याने शांतपणे पाच-सहा मणी खाल्ले आणि म्हणाला, आई, द्राक्ष वेलीवरून उतरलं की पुढे पिकत नाही, जी काय गोडी यायची ती वेलीवरच. तुझी आई म्हणाली, ‘मगे माका आधी सांगूक नको?’ आणि दोघं हसत सुटली.

मग मी माझा प्रश्न काढला. देवगडच्या बाजारात गाडीवरच्या द्राक्षांना कोणी विचारत नाही आणि तुमच्या या जातीला एवढा भाव कशाचा? त्याने सांगितलं. ही जात नाजूक, झाडाला माल कमी. त्यातही निम्मे घड आधीच काढून टाकायचे, आणि राहिलेल्या घडातले मणी बारीक असतानाच कात्रीने विरळ करायचे, म्हणजे उरलेले फुगतात. घडांना उन्हापासून जपायला कागद. ती भुकटी द्राक्षाची स्वतःची, बोट लागलं की जाते आणि तिच्याबरोबर भावही जातो, म्हणून घड फक्त देठाला धरायचा. एवढं करून काढणीच्या तोंडावर एक सर आली की मणी तडकतात आणि सगळं मातीत. मी ऐकतच राहिलो. इथे वाऱ्याने मोहोर गळला तर मी दोन दिवस जेवत नाही, आणि ही माणसं हाताने कापून टाकतात.

संध्याकाळी त्याला बागेत नेलं. झेल्याच्या जाळीत नुकताच उतरवलेला एक हापूस त्याच्या हातात दिला. पठ्ठ्याने तो द्राक्षांच्या सवयीने देठालाच धरला. देठ मोडला आणि चिकाची चिळकांडी थेट त्याच्या गालावर. तुझी आई खोबरेल घेऊन धावली. तो डाग अजून असेल, नीट बघ. मला फार बरं वाटलं हे कबूल करतो, आमची फिट्टंफाट झाली. पण गाल चुरचुरत असताना त्याने पहिलं विचारलं ते हे, की आंब्याला चीक लागला का, डाग पडेल का. त्या रात्री मला छान झोप लागली.

आता पेटीचं. ती परवाच गेली. माझ्या आजोबांच्या वेळेपासून या घरातली दुसरी पेटी लेकीच्या सासरी जाते. तुला सासर नव्हतं, म्हणून ती तुझ्याकडे येत होती. या वर्षी पेटी बांधली आणि सवयीने तुझंच नाव लिहायला घेतलं. ‘र’ लिहून झालाही होता. मग तो खोडून निकेतच्या वडिलांचं नाव घातलं. फळं अजून हिरवी आहेत. तुझ्या सासूबाईंना सांग, धुवू नका, फ्रिजमध्ये ठेवू नका, गवतातच राहू देत. आंबा झाडावरून उतरल्यावर पिकतो. आणि तू खायला त्यांच्याकडे जा, तिसरी पेटी मागू नकोस.

तुझाच,
भाई