दोराचं दुसरं टोक

नालवाडी, मंगळवार

समीक्षाच्या आबाले देवकाचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा हाये? तेल लावता ना?

शनिवारी नातीच्या शाळेत मी पोरायले दोर वळून दाखवीन, तेही इंग्रजीतून! हसता काऊन? पीळ देनं म्हंजे ट्विस्ट, गुंडाळनं म्हंजे वाइंड, लपेटनं म्हंजे रॅप, वेढनं म्हंजे सराउंड. दुसरी शिकलेल्या बाईनं चार शब्द पाठ केले.

पन रिकाम्या हातानं बोलाले गेली का भुलते. दोर वळता वळता बरोब्बर आठवते. समीक्षा दुसरं टोक ढिलं धरते, म्हंते, "आजी, हात दुखला."

तुमच्यासारखं तानून कोनी धरत नाई. गुडघ्याले पट्टी रॅप करून शनिवारी आर्वीहून पह्यल्या एसटीनं या. बोलीन मीच, तुमी फक्त टोक सोडू नका.

वाट पाहनारी,
देवका